जावयांनी नक्की कोणता ‘खलेजा’ पाहिला?

अहो वहिनी, जरा या बघू इकडे भिंतीपाशी. काल गच्चीवर तुमचे जावई म्हणत होते ना, तो तेलुगू सिनेमा ‘खलेजा’ म्हणजे निव्वळ बंडल? सगळं ऐकू आलं मला. पाहुण्यांशी कुठे वाद घालायचा, म्हणून गप्प बसले.

२०१० साली आपटला, हे खरंच. ‘अतडु’ सिनेमानंतर हिरो महेश बाबू आणि दिग्दर्शक त्रिविक्रम पुन्हा एकत्र, त्यातून तीन वर्षं महेशचा एक सिनेमा नाही. सुदर्शन थिएटरला आम्ही गेलो तेव्हा लोक देव्हाऱ्यासमोर बसावं तसे बसले होते. आणि ह्या बाबानं तोंड उघडलं ते मिटेचना! तोवर महेश म्हणजे घुम्या. इथे टॅक्सीवाला झालाय, दिसेल त्याच्याशी हुज्जत. नायिका अनुष्का समोर आली की ह्याच्या मागे काहीतरी लचांड लागणारच, आणि मग जो काही चरफडतो!

“बाई, पण ते देवाचं काय मध्येच?” असंच म्हणणार ना तुम्ही? समीक्षकांचंही तेच रडगाणं. अहो, खरी गंमतच तिथे आहे. पाली गावची माणसं कशानं मरतायत कळत नाही, म्हणून गावानं देव शोधायला सिद्धाला धाडलं. आणि त्याला सापडलं कोण, तर मेलेल्या सोबत्याच्या विम्याचे पैसे पोचवायला राजस्थानात आलेला हा भांडकुदळ ड्रायव्हर! हा गुंडांना बडवतोय आणि सिद्धा बघतोय, जन्माचं सार्थक झाल्यासारखा. सिद्धा झालेल्या त्या शफीचा चेहरा बघा एकदा. हसावं की डोळे पुसावेत कळत नाही. हा जीव तोडून सांगतोय, मी देवबिव नाही. तसतसा त्यांचा विश्वास आणखी पक्का. विनोद काढून टाका, मग उरतो नुसता चमत्कार. तो कोण बघणार तीन तास?

लांबलाय, ते मान्य. इरिडियमसाठी गावाच्या जिवावर उठलेला प्रकाश राजही मला तरी बेताचाच वाटला, इतका मोठा नट असून.

पण थिएटरात पडला तरी टीव्हीनं उचलला ना! आमच्याकडे लागला की अजून रिमोटला कुणी हात लावत नाही. २०२५च्या मे अखेरीस पुन्हा थिएटरांत आला, तेव्हा विजयवाड्यात एक शहाणा चक्क खरा साप घेऊन आत शिरला. पेपरात होतं की! लोकांना आधी वाटलं रबरी आहे. वळवळला, तशी जी पळापळ झाली म्हणतात! बंडल सिनेमासाठी कुणी साप घेऊन जातं का हो?

आणि एक विचारू? जावई नागपूरचे ना? तेलुगूचा गंध नाही. म्हणजे हिंदीत डब केलेला ‘जिगर कलेजा’च पाहिला असणार. त्यात त्रिविक्रमच्या संवादांचं पार पाणी झालंय. रविवारी पाठवा त्यांना आमच्याकडे. मी शेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगते, मग बघू काय म्हणतात ते.