मुंबई मोहिमेच्या सरसेनापतींस अनावृत पत्र

ती. नानामामांस,
डोंबिवलीहून भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या रविवारी 14 माणसांना एका दिवसात अख्खी मुंबई दाखवण्याचा तुमचा तक्ता कुटुंबाच्या ग्रुपवर वाचला आणि छाती दडपली. डेक्कन क्वीनने 7:15 ला पुणे सोडायचं, 10:25 ला सीएसएमटी, 10:40 ला गेटवेहून लाँच. म्हणजे फलाटाबाहेर पडणं, आजीच्या गुडघ्यांची समजूत घालणं, चार काळ्या-पिवळ्या पकडणं आणि लाँचची तिकिटं काढणं, सगळं पंधरा मिनिटांत. तुम्ही सैन्यात गेला नाहीत, हे देशाचं नुकसान.

घारापुरीला तुम्ही एक तास दिला आहे, जाऊन-येऊन. लाँचला नुसतं जायलाच साधारण तास लागतो. तेव्हा भर समुद्रात अर्ध्या वाटेवरून मागे फिरायचं असेल तर हिशेब चोख आहे. बेटावर उतरायचाच हट्ट असेल तर पुढे शंभरावर पायऱ्या आहेत, त्यांच्या दुतर्फा माळा-टोप्यांची दुकानं आहेत आणि आपल्याबरोबर मामी आहे. दुकानावरून मामी न थांबता पुढे गेल्याची नोंद निदान आपल्या घराण्यात तरी नाही. वर लेण्यात वीसेक फुटी त्रिमूर्ती आहे. कुणा कारागिरांनी सहाव्या शतकाच्या सुमारास अखंड कातळातून ती काढली. तिच्यापुढे तुमच्या तक्त्यात ‘5 मि. (फोटोसह)’ लिहिलंय. कंसातला शब्द वाचून मी मनोमन त्या कारागिरांची माफी मागितली.

पुढचा प्रवास तर नकाशावर बोट फिरवूनच ठरवला असावा. गेटवेहून वर प्रभादेवीला सिद्धिविनायक, तिथून दादरला जेवण, मग खाली भायखळ्याला राणीची बाग, तिथून मलबार हिलवर म्हातारीचा बूट. दादरच्या जेवणाला 20 मिनिटं ठेवलीत. तिथल्या नावाजलेल्या मराठी खानावळींच्या दारात नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं. त्या 20 मिनिटांत आपलं नाव पुकारलं गेलं तर सिद्धिविनायक पावला म्हणायचं. पेंग्विनना 10 मिनिटं आहेत. ते बिचारे काचेपलीकडे एसीत निवांत असतात. घाई फक्त अलीकडे.

लोकलचा तुमच्या तक्त्यात उल्लेखच नाही. नुसता बाण काढलाय. त्या बाणात काय काय असतं ते ऐका. दादरचे फलाट आता 1 ते 14 असे सलग मोजतात: 7 पर्यंत पश्चिम रेल्वे, 8 पासून मध्य. तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून ‘एक नंबरला या’ म्हणालात, तर निम्मं घराणं बोरिवलीकडे रवाना होईल. मामी, आजी आणि मुली लेडीजमध्ये चढणार, म्हणजे कुठे उतरायचं ते ओरडून सांगायची सोय नाही. फास्ट आणि स्लोमधला फरक शरदकाकांना अजून पटलेला नाही. आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक.

वार बदला म्हणावं, तर तीही पंचाईतच. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग बघून गणपतीलाच दया यावी. बुधवारी राणीची बाग बंद. गुरुवारी मामीचा उपास. साबुदाणावड्यांच्या शोधात दिवस जाईल. शुक्रवारी तुमची पेन्शनरांची बैठक. उरला शनिवार, तर शनिवारी नव्या कामाला निघायचं नाही, हा नियम तुमचाच.

माझ्या मते या तक्त्याचा खरा वाचक आम्ही नव्हेच. सोमवारी सकाळी सारसबागेच्या बाकावर जमणाऱ्या मंडळींपुढे सगळ्या ठिकाणांवर खुणा केलेला कागद ठेवायचाय, एवढंच ना? मग खुणा आत्ताच करून टाका आणि रविवारी एकच जागा घ्या. घारापुरी घ्या, लाँचवर खारा वारा खाऊ, पुऱ्या-बटाट्याची भाजी खाऊ, मामीला माळा घेऊ द्या, आजीला धक्क्यापासची छोटी गाडी आहे. पायऱ्यांसाठी डोलीचंही बघू. परत येऊन वेळ उरला तर गेटवेवर चणे खाऊ. मुलांना पेंग्विनच हवे असतील तर फक्त राणीची बाग करू. दोन्ही म्हणाल तर मला त्या दिवशी ताप आहे.

आता शेवटची ओळ: ‘4:00 ते 4:20, डोंबिवलीला भाच्याकडे उभ्या उभ्या चहा, 5:10 ला सीएसएमटीहून डेक्कन क्वीन.’ माझी आठवण ठेवलीत, डोळे पाणावले. पण फास्ट लोकलही डोंबिवलीहून सीएसएमटीला तासाहून जास्त घेते, आणि 1930 पासून धावणारी ती राणी आजवर आपल्या कुटुंबासाठी थांबलेली नाही. शिवाय ती पुण्याला जाताना डोंबिवलीवरूनच जाते, फक्त थांबत नाही. त्यापेक्षा मीच किटली घेऊन फलाटावर उभा राहतो. तुमची खिडकी डावीकडची की उजवीकडची, आणि साखर कुणाकुणाला चालत नाही, तेवढं कळवा.

तुमचा आज्ञाधारक,
भाचा

ता.क. तक्त्यात 14 जणांच्या ‘जाऊन येतो’साठी एकही मिनिट नाही. यात तुम्ही स्वतःलाही धरलंय का?