भाजीच्या वाफ्यासाठी

"ऐकलंस का, कोपऱ्यावरच्या घरानं परत तार सरकवली," काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या.

"किती?"

"हातभर."

"मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं न वो काकू," पलीकडच्या वहिनी गच्चीवरूनच बोलल्या. "रात्री खांब उपटून राहिले होते."

दुर्गच्या मोहन नगरात हातभर जमिनीवरून जेवढं बोलणं होतं, तेवढं निवडणुकीवरूनही होत नाही. प्लँटचं क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं. मग पीएफ ओतून तुकडाभर जागा घेतली की तिची वीतही पोटच्या पोरासारखी वाटते.

काकू नगरकडच्या, चर्चला जाणाऱ्या. म्हणाल्या, "आमच्या बायबलात हेच आहे. राजा अहाब. इज्रेलला त्याच्या वाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तो हवासा झाला, कशाला, तर भाजीपाला लावायला!"

"राजाला मेथी-कोथिंबिरीची वाण?" वहिनी एव्हाना खाली आल्या होत्या.

"ऐक तर. त्यानं मागितलं सरळच. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन, द्यायची नाही. त्यांच्यात वतनाची जमीन कायमची विकायची मुभाच नव्हती. जमीन देवाची, माणसं नुसती राहणारी."

मला वाटलं, इथवर अहाबचं काय चुकलं? भाव रास्त, जबरदस्ती नाही. तसं बोललेही.

"काहीच नाही चुकलं," काकू म्हणाल्या. "चुकलं ते घरी गेल्यावर. पलंगावर तोंड फिरवून पडला, जेवेना. बायको ईजबेल आली, काय झालं विचारलं. यानं सगळं सांगितलं, पण नाबोथचं वाडवडिलांचं कारण गाळलं. तो नाही म्हणाला, एवढंच सांगितलं."

हे मला फार आवडलं. भांडण सांगताना आपण सगळेच समोरच्याचं नेमकं तेवढं वाक्य गाळतो.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. ईजबेलनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, राजाचीच मोहर लावली. गावच्या वडीलधाऱ्यांनी उपास पुकारला, नाबोथला मानानं पुढं बसवलं, आणि दोन पढवलेल्या माणसांनी साक्ष दिली की यानं देवाला आणि राजाला शिव्या घातल्या. गावाबाहेर नेऊन दगडांनी मारला. पुढं एका ठिकाणी त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो; म्हणजे वारसही उरले नसावेत.

"साक्षीदार दोन लागत होते?" वहिनींनी विचारलं.

"दोन. एकावर कुणाला मारता येत नसे."

वहिनी जरा थांबल्या. "तसं पाह्यलं म्हणजे… अंधार होता. आवाज आला होता खांबाचा."

"बाई कजाग होती म्हणून सगळं झालं," मी विषय पुढं ढकलला.

काकू तापल्याच. "तेवढंच सांगतात सगळे! तिलाही शिक्षा सुटली नाही. पण एलीया संदेष्टा गेला कुणाकडे? अहाबकडे. मळ्यातच गाठलं त्याला. खून केलास आणि वर ताबाही घेतलास, असं विचारलं. अहाबनं दगड उचलला नव्हता, पत्रही लिहिलं नव्हतं. फक्त आपली मोहर कुठं वापरली, हे विचारलं नाही."

इथं मला रेव्हरंड टिळक आठवले. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून रेल्वेनं राजनांदगावला निघाले होते नोकरीसाठी. आपल्या दुर्गहून तीसेक किलोमीटरवर ते. डब्यात एका मिशनऱ्यानं त्यांच्या हाती बायबल दिलं. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनाचं म्हणणं असं की हात उगारण्याआधी, मनात राग धरला तेव्हाच हिशेब सुरू होतो. नाबोथचा खून त्या पलंगावरच सुरू झाला म्हणायचा.

"मग शिक्षा?"

"अहाबनं कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. देवानं ते खरं मानलं आणि संकट मुलाच्या काळावर ढकललं. मुलाचं प्रेत त्याच मळ्याच्या जागेत टाकलं गेलं."

"बापाचं पोरानं भोगायचं? हे नाही पटलं वो," वहिनी म्हणाल्या.

"मलाही नाही पटत," काकूंनी कबूल केलं. "पाळकांना दोनदा विचारलं. ते शास्त्र सांगतात, मी मान डोलवते, घरी आले की पुन्हा तसंच."

मग तारेचं काय करायचं? मी म्हटलं, पटवारी बोलवा, मोजणी होऊ द्या. काकू म्हणाल्या, आधी त्यांच्या घरी जाऊन विचारू, काय कारण आहे ते. इज्रेलच्या वडीलधाऱ्यांतल्या एकानं तरी नाबोथला विचारायला हवं होतं.

"चला मग, तिघी जाऊ."

"आत्ता?" वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडे या वेळी सगळे झोपलेले असतात. अन् माझं नाव नका घेऊ, बरं का. त्यांच्या सुनेकडून मला भिशीचे पैसे घ्यायचे आहेत."