लाईन आली का?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात ‘लाईन’ म्हणजे काय, हे वेळ पाहून ठरतं. रब्बीतल्या रात्री ती वीज असते. पुरी न येता नुसतीच सिंगल फेज आली, तर घरातला बल्ब लागतो अन् विहिरीवरची मोटार ढिम्म. सकाळी रेशन दुकानापुढे तीच लाईन रांग होते. दुपारी कपाशीत ठिबकची नळी होते, जी उंदरं कुरतडतात. एसटीच्या थांब्यावर पोरं लाईन मारतात (तिथला शॉक वेगळा). मग घरचे विचारतात, पोरगं कोणत्या लाईनला लागलं? लग्न केलं की येईल लाईनीवर, असं आत्याबाई सांगतात. त्यांचा अनुभव दांडगा, पुरावा शून्य.

महावितरणनं लाईनमनला ‘जनमित्र’ असं गोजिरं नाव दिलंय. पण रात्री दोनला डीपीवरचा फ्यूज उडाला की बांधावरून हाक जुनीच: “भाऊ, लाईन कव्हा येईन?”

बाकी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. म्हणजे न आलेली लाईनही आता फुकटच.