शिरेतून चाललेले अपील

भोईवाड्याच्या न्यायालयात खिसेकापूसही साक्षीपुराव्यावाचून शिक्षा होत नाही. परंतु तेथून जवळच, 1941 पासून उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाच्या दारी आलेल्या कर्करोग्यास, शस्त्रक्रिया व केमोथेरपी यांना फाटा देऊन शिरेतून जीवनसत्त्व ‘क’ घेण्याचा सल्ला देणाऱ्या परोपकारी आप्तेष्टांजवळ पुरावा मागणे मात्र असभ्यपणाचे ठरते. त्यांची सारी भिस्त नोबेलविजेत्या लायनस पॉलिंग यांच्यावर. पॉलिंग व इवान कॅमेरॉन यांनी 1976 साली शंभर रुग्णांची तुलना जुन्या दप्तरांतील हजार नोंदींशी करून, या जीवनसत्त्वाने आयुर्मर्यादा वाढते असा निर्वाळा दिला. मेयो क्लिनिकने 1979 व 1985 साली रीतसर चाचण्या घेऊन तो दावा फेटाळला, तेव्हा औषध पोटातून दिले होते, शिरेतून नव्हे, या मुद्द्यावर जे अपील दाखल झाले ते अद्यापि चालूच आहे. केमोथेरपीच्या जोडीला हे जीवनसत्त्व देऊन पाहणारे लहानसहान प्रयोग होतात खरे, पण केमोथेरपीला रजा द्यावी अशी शिफारस त्यांत नसते. मूत्रपिंडे अधू असलेल्यास हे प्रचंड डोस अपाय करतात, ही बाब सल्लागार सहसा दप्तरी दाखल करीत नाहीत. ‘आवळ्यातलेच तर आहे’, असे सांगून ते परळ स्टेशनाकडे चालू लागतात.