समितीवर नव्याने आलेल्यांसाठी

अभिनंदन. एचआरच्या मेलमध्ये अंतर्गत समितीच्या यादीत तुमचं नाव आलं आहे. विचारलं नव्हतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, कोणालाच विचारत नाहीत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक जण बाहेरच्या संस्थेतला. ऑडिट तोंडावर आलं होतं, एक नाव कमी पडत होतं आणि तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात.

पहिलं काम फलकाचं. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावा, असं कायदा म्हणतो. अनुभवी कंपन्या झेरॉक्स मशीनच्या मागची भिंत पसंत करतात. त्यावर मागच्या समितीचीच नावं राहू द्या. नोकरी सोडून गेलेल्या बाईंचा मोबाइल नंबर तिथं असला की तक्रारींचं प्रमाण आपोआप आटोक्यात राहतं.

तरीही तक्रार आलीच, तर कागद उलगडण्याआधी एकच विचारायचं: ‘कोणाविरुद्ध?’ नाव टार्गेट गाठणाऱ्या सेल्स मॅनेजरचं असेल तर ‘अहो, तो स्वभावानंच मोकळा आहे.’ हाउसकीपिंगच्या पोराचं असेल तर ‘वाटलंच होतं मला.’ दोन्ही निकाल मजकूर न वाचता लागतात. चौकशीला कायद्यानं दिलेले ९० दिवस वाचतात ते वेगळेच. आणि घाई तरी कशाला? सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा आला २०१३ ला. देशाला सोळा वर्षं लागली, तुमच्या फाईलला दोन-तीन लागली तर काय बिघडलं?

बाई रडत, तोंडीच सांगायला आल्या, तर त्यांना लेखी आणायला सांगा. सहा प्रती हव्यात, असं नियमात खरोखरच आहे. ज्यांना लिहिणं शक्य नाही त्यांना समितीनं तक्रार लिहायला मदत करावी, असंही त्याच कायद्यात आहे. ते कलम मुद्दाम पाठ करायची गरज नाही. पाठ करायचंच तर खोट्या तक्रारीवरच्या कारवाईचं करा आणि पहिल्याच भेटीत, पाणी विचारायच्या आधी, मोठ्यानं वाचून दाखवा. निव्वळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे वाक्यही तिथंच पुढे आहे. तेवढ्यात फोन घ्यायचा.

मग चहा. ‘आपण सगळे एका कुटुंबासारखे’ हे वाक्य इथं वापरायचं असतं. समेट होऊ शकतो. पण तो तक्रारदार स्त्रीनं स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशाच्या व्यवहारावर नाही. मात्र साहेबांच्या केबिनमध्ये दोघांना समोरासमोर बसवून ‘चल, सॉरी म्हण तिला’ म्हटलं की साहेबांच्या मते समेट झालेला असतो. पुढच्या सोमवारी बाईंची बदली चाकणच्या गोदामात करा. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते खरी, पण ती बाईंच्या लेखी विनंतीवरून, आणि बदली समोरच्याचीही होऊ शकते. टार्गेट गाठणाऱ्याला मात्र हलवत नसतात.

ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही सोय पाहायला हवी. तक्रारीची प्रत त्याला सात कामकाजी दिवसांत द्यायची आणि उत्तराला दहा द्यायचे, असा नियम आहे. त्याऐवजी त्याला अचानक बोलावून म्हणा, ‘कशासाठी बोलावलंय ते कळलंच असेल.’ नाही म्हणाला तर इतिवृत्तात ‘सहकार्य केलं नाही’ अशी नोंद करा. त्याचे साक्षीदार जेवायला गेले असतील तर त्यांच्याविनाच पुढे चला.

हा धडा मी थट्टेनं देतो आहे खरा, पण या वाटेनं चांगली माणसंही जातात. आळशी समिती ओळखू येते. तळमळीची समिती घाईत चुकते, तेव्हा तिला कोणी अडवत नाही. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धच्या २००९ मधल्या तक्रारींचं असंच झालं. समितीनं बैठका एकामागून एक उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, आणि बडतर्फीचा आदेश मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. प्रकरण परत समितीकडे, २००९ च्या टप्प्यावर. तक्रारदारांना न्याय द्यायच्या घाईत त्यांचंच जास्त नुकसान झालं, असं न्यायालयानंही नोंदवलं. आरोप खरे की खोटे, यावर तेव्हाही शिक्कामोर्तब झालं नव्हतं. वाया गेली ती चौदा वर्षं, दोन्ही बाजूंची. प्रत द्या, तारखा द्या, उलटतपासणीचे प्रश्न लेखी मागवा, पानोपानी सह्या घ्या: ही सगळी रटाळ कामं, आणि पुढे कोर्टात टिकतात तीच.

असो. गोपनीयतेबद्दल काळजी नको. समिती बसायच्या आत टपरीवर निकाल लागलेला असतो. तोंड उघडणाऱ्याकडून मालकानं ५,००० रुपये दंड वसूल करायचा असतो. तो लावायला सुरुवात केली, तर अर्ध्या ऑफिसचा दिवाळी बोनस त्यातच जाईल.

बाहेरच्या संस्थेतल्या सदस्याला आदल्या संध्याकाळी कळवा, म्हणजे त्यांना यायला जमणार नाही. अहवालात ‘दोघांनाही समज देण्यात आली’ हे वाक्य ठेवा. कोणाला कशाची समज, ते गुलदस्त्यातच बरं. वर्षअखेरीस जिल्हा अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अहवालात तक्रारींच्या रकान्यापुढे ‘निरंक’ लिहायचं, कारण मिटवलेली तक्रार ही तक्रारच नव्हे.

आता फक्त प्रशिक्षणाचा व्हिडिओ राहिला. तो दुप्पट वेगानंही चालतो. शेवटच्या प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर टाकली आहेत, त्यातलं चौथं चुकीचं आहे.