नको, मला भाऊंची कदर नाही

सिनेमातल्या आमच्या हिरोचं, म्हणजे भाऊंचं, ऑनलाइन दुकान सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. काळा पडदा, मधोमध हिरो, हिरोच्या अंगात हिरोचाच फोटो छापलेला टी-शर्ट, किंमत 999, आणि ‘आत्ताच घ्या’ हे बटण एवढं मोठं की चष्मा विसरलेल्या आजोबांच्या हातूनही दाबलं जावं. मांडणीला पैकीच्या पैकी गुण.

माझं भांडण पुढच्या बटणाशी आहे. टी-शर्ट निवडला की दुकान विचारतं, भाऊंच्या सहीचं कार्ड हवं का? सही छापील, कार्डाचे 99 रुपये. उत्तरं दोन. पिवळ्याधमक चौकोनात ‘हो, घेतोच!’ आणि त्याखाली मुंगीएवढ्या राखाडी अक्षरांत ‘नको, मला भाऊंची कदर नाही.’

नुसतं ‘नको’ म्हणायची सोय नाही. 99 रुपये वाचवायचे तर आधी कृतघ्न असल्याचा कबुलीजबाब द्या. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही आग्रह होतो, नाही असं नाही. पण पानावर आडवा हात धरला, तर बुंदीवाला ‘मला नवरीच्या बापाची किंमत नाही’ असं लिहून मागत नाही. शिवाय बुंदी फुकट असते.

तुमसर तालुक्यातल्या चिखल्याचा एक पोट्टा या बटणावर अडकला. बाप मँगनीजच्या खदानीत कामाला, जमिनीखाली. पोट्टा भाऊंचा भक्त. त्याची अडचण सरळ होती: कदर आहे, 99 रुपये नाहीत. या तिसऱ्या प्रकारच्या माणसासाठी दुकानात बटणच नाही. मित्र म्हणाला, “दाब ना बे, भाऊले थोडी कळते!” पण भक्ताला देवासमोर खोटं बोलवेना. त्याने कार्ड घेतलं. पुढच्या पडद्यावर जाड खोका, 49 रुपये. ‘नको, भाऊंचा चेहरा चुरगळला तरी चालेल.’ आता हे कोण दाबणार? तोही घेतला. मग ‘हाताळणी’, 39 रुपये. ती विचारलीच नाही, आपोआप चिकटली. सगळं वाहून नेणार कुरिअरवाला, मग दुकानाने नेमकं काय हाताळलं? पोट्ट्याचा खिसा.

या कलेवर देशात नियम आहेत, बरं का. 30 नोव्हेंबर 2023 ला निघाले. ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे 13 प्रकार त्यात नोंदवले आहेत. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू सारणं आहे, खरी किंमत शेवटपर्यंत लपवणंही आहे. आमच्या हिरोने ती यादी बहुधा दुकान सजवणाऱ्याच्या हातात नमुना म्हणून दिली असावी.

पण यापुढे मला विनोद सुचत नाही. शेवटच्या पडद्यावर पोट्ट्याने पिनकोड टाकला आणि दुकान म्हणालं, ‘आपला भाग दुर्गम आहे. दुर्गम भाग शुल्क 149 रुपये.’ 999 चा टी-शर्ट 1,335 ला गेला.

दुर्गम? चिखला दुर्गम? अहो, या मातीतलं मँगनीज इंग्रजाच्या काळापासून बाहेर चाललंय, तेव्हा कुणाला वाट सापडली नाही असं झालं नाही. पलीकडे डोंगरी बुजुर्गची खाण आहे, गोबरवाहीला रेल्वे आहे, तुमसर तालुक्याचं गाव आहे. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. भाऊ ज्या रुळांवरून पळतात त्या रुळांत मँगनीज आहे, भाऊ ज्या क्रेनला लटकून गुंडांना लाथा घालतात तिच्या पोलादात आहे, टी-शर्ट शिवणाऱ्या मशिनीत आहे, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलमध्ये आहे. दगड न्यायचा असतो तेव्हा चिखला हाकेच्या अंतरावर. दोनशे ग्रॅमचा कपडा आणायचा म्हटला की एकदम हिमालय! पिनकोड 1972 साली आला तो चिठ्ठी नेमक्या गावी पोचावी म्हणून. आता त्याचा उपयोग कुणाला जास्त कापायचं ते ठरवायला होतो. पुण्या-मुंबईचा माणूस अर्ध्या रात्री मागवतो, त्याला पोचवणं फुकट, वर सवलत. ज्याचा बाप जमिनीखाली उतरतो त्याने मात्र आपण दूर राहतो म्हणून दंड भरायचा. दूर कुणापासून, ते एकदा सांगा तरी.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. हाच नियम दोन्ही दिशांना लावा. चिखल्याहून निघणाऱ्या प्रत्येक टन दगडावर घेणाऱ्याकडून दुर्गम भाग शुल्क घ्या, आणि ते गावाच्या खात्यात टाका. हाताळणी वेगळी, आमच्याकडे ती खरोखर हाताने होते. सगळी बेरीज गाडी भरून झाल्यावर, शेवटच्या पडद्यावर दाखवू.