मोहरीची उशी

काल रात्री तीनला आमच्याकडे दिवा दिसला असेल ना, वहिनी? दिसणारच, तुमची खिडकीच तशी आहे! दुसरं काय, बाळराजे जागे होते. परवा सव्वा महिना झाला. दिवसा कानाशी मिक्सर फिरवा, हूं की चूं नाही. रात्री मात्र डोळे टक्क उघडे.

जायफळ? अहो, मी सहाण काढलीच होती. लेकीनं ती उचलून माळ्यावर टाकली. म्हणाली, "आई, ती झोप नव्हे, गुंगी. तुझा एक वेढा म्हणजे किती, कोण मोजणार?" मला चटकन आमच्या आजेसासूबाई आठवल्या, परळच्या चाळीतल्या. सांगायच्या, गिरणीत पाळीला जाताना बायका पोरांना बाळागोळी चारायच्या. म्हणजे अफूच हो! पोर दिवसभर निपचित, आणि शेजारीण म्हणणार, किती गुणी! मग मी जायफळाचं नाव टाकलं. मध तर वर्षाचा होईपर्यंत बोटालासुद्धा लावायचा नाही.

एवढंसं पोट त्याचं, दोन-तीन तासांनी उठणारच. दिवस कुठला, रात्र कुठली, हे कळायलाच अजून दोनेक महिने जातील. म्हणून सकाळी पडदे उघडे, भांडी वाजली तर वाजू देत. रात्री मिणमिणता दिवा, पाजायचं, लंगोट बदलायचा, बोलायचं नाही. तो हसायला लागलाय हो आता, मी कशी गप्प बसू?

आणि ती उशी! पाव किलो मोहरी भरून, मऊ मलमल लावून शिवली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. तीही गेली. उशीनं मान पुढे वाकते, श्वास कोंडतो म्हणे. आता पाळण्यात सपाट, घट्ट गादी आणि बाळ उताणं. उशी नाही, गोधडी नाही, मी आणलेला मऊ ससासुद्धा नाही. अमेरिकेत १९९४ साली बाळांना उताणं निजवा म्हणून मोहीमच काढली होती. झोपेत अचानक दगावणारी बाळं पुढे निम्म्यावर आली. हे ऐकल्यावर मी काय बोलणार? डोक्यासाठी म्हणाल, तर जागा असताना आपल्यासमोर थोडा वेळ पालथा घालायचा.

पोरीचे डोळे मात्र खोल गेलेत. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. दहाला पाजून ती आडवी होते, एकपर्यंत हे सांभाळतात. पहिल्याच रात्री काय केलं विचारा! बाळ छातीवर आणि हे सोफ्यावर घोरतायत. लेक अशी ओरडली, की मी उठले, बाळ उठलं, हे शेवटी. सोफ्यावर बाळ घेऊन झोपणं सगळ्यात वाईट, सरकून फटीत अडकतं. आता ढेकर काढून झाला, की लगेच पाळण्यात.

बरं, ती पाव किलो मोहरी पडलीय, चांगली निवडलेली. देऊ का? सूनबाईंना सातवा लागला ना? नाही, उशीसाठी नव्हे हो, लोणच्याला म्हणतेय मी.